केसांखाली हात घाला

वाचकांचे प्रश्न : हायलँड गाई आणि घरच्या शेतावरची जनावरं

परदेशात थोडी जमीन घेऊन राहणाऱ्या वाचकांकडून अलीकडे एकाच जनावराबद्दल बरीच पत्रं आली आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. कपाळावरून डोळ्यांवर उतरलेले केस, रुंद शिंगं, तांबूस झूल पांघरल्यासारखं अंग, अशी ही स्कॉटलंडच्या डोंगरांतली हायलँड गाय. तिथल्या पैदासकारांची संस्था १८८४ साली स्थापन झाली आणि वंशावळीची नोंदवही तेव्हापासून चालू आहे. ही गाय निकस गवतावर, वाऱ्यापावसात, भरपूर चालून जगण्यासाठी घडली आहे. पत्रांमधले निम्मे त्रास तिला शहरी मायेनं वाढवल्यामुळे झालेले आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेक, केसांखाली काय चाललंय ते वेळेवर न कळल्यामुळे.

प्रश्न : पर्थशायरमध्ये साडेतीन हेक्टर कुरण असलेलं घर घेतलं आहे. दोन-तीन हायलँड गाई पाळायच्या आहेत. सुरुवात कशी करावी? (पर्थशायर, स्कॉटलंड)

उत्तर : गाय ठरवण्याआधी कागद. जनावर जमिनीवर येण्यापूर्वी तुमच्या जमिनीला सीपीएच क्रमांक, म्हणजे जनावरं ठेवायच्या जागेचा सरकारी नोंदणी क्रमांक, हवा आणि कळपाची नोंद झालेली हवी. वासरू जन्मलं की २० दिवसांत दोन्ही कानांत बिल्ले आणि २७ दिवसांत जन्मनोंद. स्कॉटलंडमध्ये बीव्हीडी, म्हणजे गुरांच्या विषाणूजन्य अतिसाराची तपासणी सक्तीची आहे. बिल्ला मारतानाच कानाच्या कातडीचा बारीक तुकडा नळीत पडेल असे बिल्ले मिळतात, तेच घ्या म्हणजे एका कामात दोन कामं होतात. आणखी एक नियम नवख्यांना नेहमी अडचणीत आणतो. बाहेरून गाय किंवा मेंढी आणली की पुढचे १३ दिवस तुमच्या जमिनीवरून गाईमेंढ्या साधारणपणे बाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे खरेदी आणि विक्री एकाच आठवड्यात ठरवू नका.

साडेतीन हेक्टर चांगल्या गवतावर दोन गाई आणि त्यांची वासरं आरामात राहतील, तीन जरा ताणून. हिवाळ्याचं गवत विकत घेणार की स्वतः कापणार, यावर हे अवलंबून आहे. एकटी गाय मात्र कधीच आणू नका. एकटं पडलेलं जनावर कुंपण तोडतं, हंबरत राहतं, खाणं सोडतं. एकाच कळपातल्या, एकमेकींची ओळख असलेल्या दोन कालवडी घ्या आणि दोरीला चालणाऱ्या मागा. वळू पाळण्याची गरज नाही. कृत्रिम रेतन करता येतं किंवा हंगामापुरता तपासलेला वळू आणता येतो. या जातीची वाढ सावकाश होते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास पहिलं वेत धरा, त्याआधी घाई नको. उशिरा सुरू होणारी ही गाय पुढे पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत वासरं देऊ शकते.

खर्चातला मोठा वाटा खोड्यासाठी, म्हणजे गाय उभी अडकवून धरणाऱ्या पिंजऱ्यासाठी, ठेवा. बिल्ला, इंजेक्शन, रक्त तपासणी यांतलं काहीही खोड्याशिवाय होत नाही, आणि बाजारातला नेहमीचा खोडा बिनशिंगी गाईच्या मापाचा असतो. हायलँड गाईची शिंगं टोकापासून टोकापर्यंत सहज मीटरभर भरतात. तिला डोकं तिरकं करून आत शिरायला आणि मान अडकवल्यावर शिंगं मोकळी राहायला जागा लागते. विकत घेण्याआधी, ज्याच्याकडून गाई घेताय त्याच्या गोठ्यावर कोणता खोडा आहे आणि तो कसा वापरतात ते उभं राहून बघा. गवत घालायच्या उभ्या गजांच्या गोल गव्हाणीलाही हेच लागू. शिंग आत जातं, बाहेर येताना अडकतं, शेजारची गाय ढुशी मारते. गवत मोकळ्या जमिनीवर तीन ठिकाणी टाकलं तर दुबळ्या गाईलाही खायला मिळतं.

कुंपणाला चौकोनी जाळी असेल तर आतल्या बाजूनं जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर विजेची एक तार पुढे काढून लावा, नाहीतर गाई शिंगं घासून घासून जाळी उचकटतात. या केसांतून झटका लागत नाही. तो ओल्या नाकालाच लागला पाहिजे. म्हणून नव्या गाईंना आधी लहान, भक्कम आवारात तारेची ओळख करून द्या. तारेत ४,००० व्होल्टपेक्षा कमी दाब असेल तर त्या तारेला जुमानत नाहीत.

प्रश्न : आमची गाय अंगानं भरलेली दिसत होती. मार्चमध्ये व्याली तेव्हा वासरू दुबळं निघालं, गाईला उठवेना. डॉक्टर म्हणाले गाय वाळलेली आहे. असं कसं? (हायलँड प्रांत, स्कॉटलंड)

उत्तर : केसांमुळे. हिवाळी झुलीत गाय दिसते त्याहून बरीच रोड असू शकते. उलटही होतं. खुराक खाऊन लठ्ठ झालेली गाय नुसती केसाळ वाटते आणि मग वासरू वाटेत अडकतं. डोळ्यांवर विसंबू नका, महिन्यातून एकदा हात लावा. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मध्ये कंबरेवर पंजा ठेवा, अंगठ्यानं आडव्या हाडांची टोकं चाचपा. टोकं सुरीसारखी टोचली तर अंगलटीचा गुण पाचांत १. जरा दाबल्यावर गोल टोकं कळली तर ३. कितीही दाबून हाड लागलंच नाही तर ५. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंच्या खळग्यांतही हात घाला. हिवाळा सुरू होताना ३ आणि वीत असताना अडीच, एवढं राखलं की पुरे. वजनाची फीतही केसांवरून सैल लावली तर खोटं बोलते. केस दाबून ओढा.

खाण्याचा हिशोब सोपा आहे. भाकड गाभण गाईला वजनाच्या २ टक्के कोरडा चारा लागतो. ४८० किलोच्या गाईला साडेनऊ किलो, म्हणजे वाळलेलं गवत रोज ११ किलो. सहा महिन्यांच्या हिवाळ्याला एका गाईमागे दोन टन. २५० किलोचे गोल गठ्ठे असतील तर आठ, आणि तुडवण-नासाडी धरून दहा. गवत उशिरा कापलेलं, काड्यांचं असेल तर पोट भरतं पण प्रथिनं पुरत नाहीत. अशा वेळी गवताची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. खर्च थोडा आणि उपयोग पूर्ण हिवाळाभर. शेवटच्या दोन महिन्यांत पोटातलं वासरू सर्वांत झपाट्यानं वाढतं, नेमका तेव्हाच फेब्रुवारी-मार्चचा तुटवडा येतो. तुमच्या गाईचं तेच झालं असावं.

गाईलाही नऊ महिने नऊ दिवसच. रेतनाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. वासराला जन्मल्यावर दोन तासांत, निदान सहा तासांच्या आत वजनाच्या दहाव्या भागाएवढा चीक मिळाला पाहिजे. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. दुबळ्या गाईला चीकही कमी उतरतो, म्हणून शेजारच्या, रोग तपासलेल्या कळपातला चीक गोठवून ठेवा. नाळ लगेच आयोडिनमध्ये बुडवा. हे करताना गाय आणि वासरू यांच्या मध्ये उभे राहू नका. एरवी हातातून खाणारी हायलँड गाय पहिले काही दिवस वेगळीच असते आणि शिंगांचा पल्ला तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लांब असतो. मध्ये फाटक असू द्या.

प्रश्न : हिवाळ्यात गाई झाडांना अंग घासतात, मानेवरचे केस गेले. पाठीवर ओतायचं औषध दिलं, फरक नाही. कळपातली एक गाय खंगतेही आहे. (आर्गाइल, स्कॉटलंड)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. घासणं बहुधा उवांचं. मानेवर आणि खांद्यावर केसांना भांग पाडून कातडी बघा, तांबूस रंगाच्या बारीक उवा चालताना दिसतील. ओतायचं औषध केसांवर पडलं तर तिथंच राहतं. बोटांनी पाठीच्या कण्यावर भांग पाडत जा आणि नळी कातडीला टेकवून खांद्यापासून शेपटीपर्यंत बारीक धार सोडा. एकटा माणूस हे नीट करू शकत नाही, दोघं लागतात. उवांच्या अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा आणि लागलं तर पुन्हा द्या. सगळ्या गाईंना एकाच दिवशी द्यायचं. एक सुटली की पुन्हा पहिल्यापासून. इंजेक्शननं काम होईल असं समजू नका. कातडी कुरतडणाऱ्या उवा रक्त पीत नाहीत, त्यांना रक्तातलं औषध फारसं पोचत नाही.

खंगणाऱ्या गाईचं मात्र मनावर घ्या. आर्गाइलसारख्या पाणथळ मुलखात पहिला संशय यकृतातल्या चपट्या कृमींवर, म्हणजे लिव्हर फ्लूकवर. चिखलातल्या छोट्या गोगलगाईत ही कृमी वाढते, गवतावर चिकटते आणि उन्हाळ्याअखेरीपासून शरद ऋतूपर्यंत गाईच्या पोटात जाते. जबड्याखाली पाण्यासारखी मऊ सूज, फिकट डोळे आणि चांगलं खाऊनही उतरत जाणारी कंबर, ही खूण आहे. शेणात अंडी सापडायला कृमी दहा-बारा आठवड्यांची व्हावी लागते. त्यामुळे ऑक्टोबरमधली ‘शेणात काही नाही’ ही चिठ्ठी धीर देण्यासारखी नसते. औषध निवडताना चूक होते ती इथं. ट्रायक्लाबेंडाझोल गाईमध्ये दोन आठवड्यांच्या कोवळ्या कृमीही मारतं, क्लोसँटेलला त्या सुमारे सात आठवड्यांच्या व्हाव्या लागतात आणि ऑक्सिक्लोझानाइड फक्त पूर्ण वाढलेल्या मारतं. गोठ्यात बांधलेल्या गुरांना, आत घेतल्यानंतर आठ आठवडे थांबून एकच मात्रा पुरते. हायलँड गाई वर्षभर बाहेरच असतात, त्यामुळे शरद ऋतूत एक आणि हिवाळा सरताना शेण तपासून दुसरी, असा क्रम पशुवैद्याबरोबर ठरवा. ट्रायक्लाबेंडाझोलला न जुमानणाऱ्या कृमी बऱ्याच शेतांवर आहेत. औषधानंतर तीन आठवड्यांनी शेण पुन्हा तपासलं तरच ते लागू पडलं की नाही ते कळतं. ओढ्याकाठचा, लव्हाळे वाढलेला पट्टा ऑगस्टपासून तारेनं बंद करा. औषधाइतकाच त्याचा फायदा आहे.

प्रश्न : एप्रिलच्या शेवटी सहा वर्षांची दुभती गाय अचानक लडखडून पडली, पाय झाडत गेली. विष असेल का? (अॅबर्डीनशायर)

उत्तर : वर्णनावरून मॅग्नेशियमची कमतरता वाटते. खत टाकलेल्या कोवळ्या वसंती गवतात मॅग्नेशियम कमी आणि पोटॅश जास्त असतं. वासरू पाजणाऱ्या मोठ्या गाईच्या अंगात त्याचा साठा नसतो. थंड, पावसाळी दिवस आला, खाणं कमी झालं, की तासाभरात खेळ संपतो. पडलेल्या गाईला २५ टक्के मॅग्नेशियम सल्फेटचं ४०० मिलीचं द्रावण, अंगाएवढं कोमट करून, खांद्यामागे कातडीखाली देतात. शिरेत कधीच नाही, हृदय थांबतं. पशुवैद्याला फोन आधी, बाटली नंतर. बाटली मात्र घरात असू द्या. टाळण्यासाठी व्याल्यानंतर पहिल्या वसंतात प्रत्येक गाईला रोज ६० ग्रॅम कॅल्साइंड मॅग्नेसाइट (मॅग्नेशियमची भुकटी) पोटात जायला हवं. ते कडू असतं, मळीत कालवून द्या. गाई खात नसतील तर पोटात हळूहळू विरघळणारी गोळी घाला.

प्रश्न : रॅले शहराजवळ आमच्या दोन हायलँड गाई मे ते सप्टेंबर तळ्यात उभ्या असतात. केस गळतच नाहीत. उष्णतेमुळेच ना? (नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका)

उत्तर : उष्णता आहेच, पण केस न गळणं ही वेगळी खूण आहे. कुरणात कोणतं गवत आहे ते बघा. तुमच्या भागात जुनं कुरण बहुधा ‘केंटकी ३१’ या वाणाच्या उंच फेस्क्यू गवताचं असतं. १९४३ साली हे वाण बाहेर आलं आणि दक्षिणेत सगळीकडे पसरलं. त्या गवताच्या आत एक बुरशी राहते. ती गवताला बळ देते, पण तिच्यातल्या अर्गोव्हॅलिन या द्रव्यानं गाईच्या कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, हिवाळी केस झडत नाहीत, गाय खात नाही, माजावर येत नाही, दूध आटतं. साध्या गाईलाही हे जड जातं. दुहेरी केसांच्या गाईचं काय होत असेल! हिवाळ्यात याच गवतानं शेपटीचा शेंडा, कानाची टोकं आणि मागचे खूर सडू शकतात.

विष सर्वांत जास्त बियांच्या तुऱ्यात असतं. मेमध्ये तुरे येताच गवत उंचावरून कापून टाका. पांढरा किंवा तांबडा क्लोव्हर हा द्विदल चारा पेरून पोटात जाणाऱ्या फेस्क्यूचं प्रमाण कमी करा. जून ते ऑगस्ट गाईंना बर्म्युडासारख्या उन्हाळी गवतावर हलवता आलं तर सर्वांत बरं. एकच तुकडा असेल तर चांगलं वाळलेलं दुसरं गवत द्या. सावली, वाहता वारा आणि दर गाईमागे रोज ६०-७० लिटर स्वच्छ पाणी हवंच. तळ्याचं पाणी हे पिण्याचं पाणी नव्हे, उभं राहून त्यात शेण पडतं. औषध, बिल्ला, गाडीत चढवणं ही सगळी कामं उजाडताच उरका. केस कापून टाकायचं मनात आलं तर पाठ सोडून पोट आणि बगला कापा, कारण पाठीवरचे केस उन्हापासून वाचवतात.

प्रश्न : ‘मिनी हायलँड’ गाय आणि वळू अशी जोडी घेतली. सातव्या महिन्यात गाभ पडला, वासरू अगदी विचित्र होतं, आखूड पाय, फुगलेलं डोकं. पुन्हा भरवावी का? (न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर : त्याच वळूकडून नाही. तुम्ही लिहिलंय ते ‘बुलडॉग’ वासरू आहे. बऱ्याच ‘मिनी’ जनावरांमध्ये डेक्स्टर जातीकडून आलेलं, हाडांची वाढ खुंटवणारं एक जनुक असतं. त्याची एक प्रत असली की गाय बुटकी आणि गोंडस दिसते. दोन्ही पालकांकडे एकेक प्रत असेल तर दर वेताला चारात एक वासरू दोन प्रती घेऊन येतं आणि ते जगत नाही, बहुतेक सात-आठ महिन्यांच्या आत गर्भातच जातं. गाईला वार अडकणं, गर्भाशय सडणं हा धोका वेगळाच. शेपटीचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेत पाठवून दोघांचीही तपासणी करा. वाहक गाईला वाहक नसलेला वळू दिला तर निम्मी वासरं बुटकी होतील, निम्मी साधी, आणि बुलडॉग एकही नाही. तपासणीचा कागद न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून जनावर घेऊ नका. अर्धपोटी वाढवलेली वासरंही ‘मिनी’ म्हणून विकली जातात. अशी वासरं खायला मिळालं की वाढतात, पण आतली खोट राहते.

मुळात साधी हायलँड गाय जेमतेम मीटरभर ते सव्वा मीटर उंच, साडेचारशे-पाचशे किलोची. ती लहानच आहे. तिला आणखी लहान करण्याच्या नादाला लागू नका, ही आमची कळकळीची विनंती.

प्रश्न : दोन हायलँड गाई, सहा मेंढ्या, एक तट्टू आणि वीस कोंबड्या एकाच आवारात आहेत. क्षारांची चाटण आणि खाद्य सगळ्यांना एकच चालेल? (ऑन्टारिओ, कॅनडा)

उत्तर : नाही, आणि हे आजच बदला. गाईच्या चाटणात तांबं भरपूर असतं, मेंढीला तेच मारतं. मेंढीच्या यकृतात तांबं महिनोन् महिने साठतं, काही दिसत नाही. मग एखाद्या कातरणीच्या किंवा प्रवासाच्या ताणानं ते एकदम रक्तात सुटतं. डोळे पिवळे, लघवी गडद लाल आणि दोन दिवसांत मेंढी जाते. उलट मेंढीचं तांबंविरहित चाटण गाईंना दिलं तर गाईंचे केस विटतात, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कडी दिसतात, माज लांबतो. गाईचं चाटण मेंढीचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर खांबाला बांधा किंवा गाईलाच शिरता येईल अशा आवारात ठेवा.

तट्टूला धोका मोनेन्सिन या खाद्यात मिसळायच्या औषधाचा. उत्तर अमेरिकेत गाईच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत ते असतं आणि घोड्याला अगदी थोडंही प्राणघातक आहे. पिशवीवरचं लेबल वाचा. घमेली आणि बादल्यासुद्धा वेगळ्या. कोंबड्यांचं खाद्य गाईला सापडलं तर दाण्यानं पोट आंबतं. शिवाय त्यात प्राणिज घटक असू शकतात, ते रवंथ करणाऱ्या जनावराला देणं कायद्यानं बंद आहे. खुराड्यातलं खत कुरणात पसरू नका. त्यात मेलेली कोंबडी मिसळली असेल तर बॉट्युलिझम या विषबाधेनं गाई लुळ्या पडतात.

एकत्र चारण्याचा फायदाही सांगायला हवा. मेंढीचे बहुतेक जंत गाईच्या पोटात टिकत नाहीत. गाई पुढे, मेंढ्या मागे अशी पाळी लावली तर दोघांचे जंत घटतात. फक्त मेंढ्या वीत असताना गाई लांब ठेवा. मेंढीला काही न करणारा एक विषाणू त्या काळात गाईला लागू शकतो. त्याचा ताप, डोळे पांढरे होणं, नाकातोंडातले फोड यांवर इलाज नाही.

प्रश्न : मुळशीत फार्महाऊस आहे. पाऊस भरपूर, हवा थंड. हायलँड गाई आणता येतील का? (पुणे)

उत्तर : आणू नका. परदेशातून जिवंत गुरं आणण्यावर कडक निर्बंध आहेत, पण ते नसते तरी उत्तर हेच होतं. मुळशीचा पाऊस स्कॉटलंडसारखा वाटला तरी एप्रिल-मे तसा नाही, आणि दमट उष्णतेत ती झूल काढून ठेवता येत नाही. गोचिडांमार्फत येणारा थायलेरिया हा रक्तातला परजीवी आपली देशी गुरं बरीचशी सोसतात, युरोपीय रक्ताच्या गुरांना तो मारतो. केसांत गोचीड शोधणार कसे?

तुम्हाला हवी तशी, पावसाला न भिणारी डोंगरी गाय आपल्याकडे आहे : डांगी. नाशिक, अहिल्यानगर, ठाणे-पालघर आणि गुजरातचा डांग हा तिचा मुलूख. तिच्या कातडीला तेलकट स्राव असतो, पाणी ओघळून जातं. खूर काळे, टणक, कातळावर न झिजणारे. भाताच्या चिखलात तिचे बैल दिवसभर चालतात. दूध कमी, घरापुरतं, हे आधीच मनाशी धरा. अकोले तालुक्यातल्या राजूरला आणि इगतपुरीजवळ घोटीला भरणाऱ्या डांगी प्रदर्शनांत जाऊन जनावरं बघा. कानामागे आणि गळ्याखाली बोटं घासा, तेलकटपणा हाताला लागला पाहिजे. नाकपुडी, पापण्या, खूर काळे हवेत.

गाय दिवाळीनंतर आणा, म्हणजे पावसाआधी ती जागेला रुळते. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं आणि चुना दोन्ही कमी, म्हणून रोज चार-पाच किलो पेंढ्याबरोबर भुईमुगाचा पाला किंवा ओली वैरण, ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मीठ द्या. घटसर्प आणि फऱ्याच्या लशी मेअखेर, पाऊस लागायच्या आत. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, लम्पीची वेगळी. गोठ्याला भिंती नकोत, वर छप्पर आणि खाली उताराचा मुरूम. पावसाला ती भीत नाही, पण चार महिने ओल्या जमिनीवर बसली तर कास सुजते आणि खुरांच्या बेचक्यात किडे पडतात. मुरूम दर उन्हाळ्यात चार बोटं नवा घाला.